जन्मसालाचा रकाना

"हो हो, जयभीम. मुलीचा वडीलच बोलतोय. बोला ना, बोला."

अण्णा खिडकीचे गज धरून उभे होते. त्यांच्या बटणांच्या फोनला घरात फक्त त्या खिडकीतच रेंज येई. अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून झाली, खांबावर चढून चढून पंतनगरातल्या निम्म्या घरांतले फोन चालू केले, आणि आता स्वतःच्या फोनसाठी खिडकीला लटकावं लागतं, यावर ते एरवी दिवसातून एकदा तरी हसून घेत. आज त्यांना हसायला सवड नव्हती. फोन वाजल्या वाजल्या त्यांनी आधी अंगात सदरा चढवला होता आणि मग हिरवं बटण दाबलं होतं. पलीकडच्या माणसाला काही दिसत नाही हे लाइनमनला कोणी सांगायला नको. पण मुलीच्या स्थळाचं बोलायचं आणि ते बनियनवर, हे त्यांना पटलं नसतं.

चेतना ओट्याशी उभी राहून डबा भरत होती. पोळ्यांची घडी घालायची सोडून ती कान देऊन ऐकत होती.

"सगळं जुळतंय म्हणता? वा, वा. नाही, आमची कसलीच अट नाही. मुलगा निर्व्यसनी असला की झालं. पत्रिकाबित्रिका आपल्यात नसतेच. रविवारी? या की. संध्याकाळी चारला या. बायोडाटा कशाला? मुलगीच बघा समोर. चालेल, चालेल. जयभीम."

फोन बंद करून अण्णा वळले. सत्तरीच्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं कोवळं हसू बरं दिसत नाही. बघणाऱ्याला भीती वाटते.

"भांडुपचे हिवाळे. मुलगा बँकेत आहे. रविवारी येतायत."

"अण्णा, वयाचं बोललात?"

"मी काय बोलणार? तेच म्हणाले, यादीत वाचलं, वय, उंची, शिक्षण, सगळं आम्हाला पसंत आहे. त्यांनीच पहिलं वय म्हटलं. मग मी कशाला उकरून काढू?"

"आणि मुलगा केवढा आहे?"

"तेहतिसावं लागलंय म्हणे." अण्णांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली. "तुझ्यापेक्षा लहान आहे, कळलं मला. पण त्यांना चालतंय ना? आपण का मागे ओढायचं? जग बदललंय, चेतू. पोरं शिकली, पुढारली. आपणच जुन्या विचारांत बसलोय."

चेतनानं डब्याचं झाकण लावलं. ते पहिल्यांदा नीट बसलं नाही, म्हणून परत लावलं.

बुधवारपासून हे चाललं होतं. मंगळवारी वधू-वर सूचक केंद्राची महिन्याची यादी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मग दुपारी. मग संध्याकाळी दोन. त्याआधी या फोनवर कोण येई? गॅसवाला, नाहीतर कर्ज हवंय का विचारणारी एखादी मुलगी. तिच्याशीही अण्णा पाच मिनिटं आपुलकीनं बोलत आणि शेवटी तिचं गाव विचारत.

सुरुवातीला, म्हणजे पुष्कळ वर्षांपूर्वी, फोन येत. तेव्हा चेतनाची आई, कमल, अंथरुणाला खिळलेली होती. एक बाजू गेलेली. तिचं सगळं चेतना करायची, आणि मुलगी दिली तर हिचं कोण करणार, असं कोणी तोंडानं म्हणालं नाही तरी घरातल्या भिंतींनाही ते माहीत होतं. "आई जरा बरी होऊ दे" असं म्हणता म्हणता धाकट्या भावाचं, चैतन्यचं लग्न झालं, तो पुण्याला गेला. आई बरी झाली नाही. ती गेली तेव्हा चेतना पस्तिशीला आली होती. मग अण्णांनी कंबर कसली. फोन आला की ते आधी वय सांगून टाकत, उगाच कोणाची फसगत नको. पलीकडचा माणूस "कळवतो" म्हणे. एकानंही कधी कळवलं नाही. हळूहळू कळवतो म्हणणारेही संपले.

बाकी एक झालं. केंद्राच्या माधुरीताईंनी नाव नोंदवायला आलेल्या या मुलीला फॉर्म भरताना बघितलं, तिचा संगणकावरचा हात बघितला आणि विचारलं, "नोकरी करशील का गं माझ्याकडे?" अशा रीतीनं चेतनाला सूचक केंद्रातून स्थळ मिळायच्या ऐवजी नोकरी मिळाली. हे ती स्वतःच हसून सांगायची. ऐकणाऱ्याला हसावं की नाही कळत नसे.

केंद्र मुलुंडला होतं. एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेर चपलांचा स्टँड, आत माधुरीताईंचं टेबल आणि चेतनाचा संगणक. पूर्वी लोक येऊन वहीत नाव लिहीत. आता केंद्राची वेबसाइट होती. आईबाप घरबसल्या फॉर्म भरत आणि महिन्याच्या शेवटी चेतना एक बटण दाबून सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेई.

उतरवलेली माहिती म्हणजे न निवडलेले तांदूळ. कोणी नाव मराठीत लिहिलेलं, कोणी इंग्रजीत, कोणी सगळी अक्षरं मोठी. फोन नंबरांचे मधूनच काहीतरी अगम्य आकडे झालेले. तारखांमध्ये महिना आधी की दिवस आधी याचा मेळ नाही. उंची लोक पाच-दोन अशी लिहीत, आणि संगणकाला ती तारीख वाटे, मग तो तिची पाच फेब्रुवारी करून टाकी. "माझी उंची पाच फेब्रुवारी" असं चेतना म्हणायची आणि माधुरीताई दर वेळी नव्यानं हसायच्या. हे सगळं ती निवडी, पाखडी, एका मापाचं करी. मग मुलींची एक आणि मुलांची एक अशा दोन याद्या तयार होत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी जात. मुलींची नावं आणि फोटो यादीत द्यायचे नाहीत हा माधुरीताईंचा कडक नियम होता. एकदा एका मुलीला फार त्रास झाला होता. म्हणून नुसता नोंदणी क्रमांक, जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, राहण्याचं ठिकाण आणि घरच्यांचा फोन.

यादीतली स्वतःची ओळ मात्र चेतना वाचत नसे. तेवढी एक ओळ सोडून तिची नजर पुढे जाई. आरशासमोरून जाताना माणूस कधीकधी मुद्दाम बघत नाही, तसं.

पण या आठवड्यात तीही बदलली होती. एवढे फोन आल्यावर कोण नाही बदलणार? काल संध्याकाळी घरी येताना ती कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये शिरली होती. भांगातले पांढरे केस काळे करून घेतले, भुवया करून घेतल्या. पार्लरवाली म्हणाली, "काय ताई, फंक्शन आहे वाटतं?" चेतना म्हणाली, "हो, घरचंच आहे." हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तिचं तिलाच इतकं छान वाटलं की ती पार्लरवालीकडे बघून उगाचच हसली.

डबा घेऊन निघताना अण्णा म्हणाले, "पोहे करायचे की उपमा, रविवारी?"

"पोहे बरे. उपमा गार झाला की गोळा होतो."

"आणि गोड?"

"अण्णा, अजून दोन दिवस आहेत."

"दोनच दिवस आहेत," अण्णा म्हणाले.

केंद्रात पाऊल टाकलं तर माधुरीताई फोन कानापासून हातभर लांब धरून बसलेल्या. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली आणि फोन चेतनाच्या हातात दिला. पलीकडे मुलुंडच्याच वानखेडेबाई होत्या. त्यांनी मुलीचं, गार्गीचं, नाव या महिन्यातच नोंदवलं होतं.

"अहो मॅडम, चाललंय काय तुमचं? माझी मुलगी सव्वीसची, इंजिनियर, दिसायला छान. एक धड फोन नाही हो तीन दिवसांत! एक आला तो कोणाचा, तर एका विधुराचा. पन्नाशीचा माणूस. मला म्हणतो, 'ताईंचं वय माझ्यासाठी अगदी योग्य आहे.' गार्गी बाजूला बसून ऐकत होती. काय वाटलं असेल पोरीला?"

"मी बघते हं. दहा मिनिटांत फोन करते तुम्हाला," चेतना म्हणाली.

तिनं यादी उघडली. गार्गी नवी, म्हणजे नोंदणी क्रमांकाप्रमाणे अगदी तळाशी. शिक्षण बरोबर, उंची बरोबर, फोन बरोबर. जन्मसाल एकोणीसशे ब्याऐंशी. टायपिंगची चूक असेल असं वाटून तिनं वरची ओळ बघितली. तीही मुलगी नवी, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. जन्मसाल त्र्याऐंशी. तिच्या वरची चौऱ्याऐंशी.

चेतनानं पडद्यावर बोट ठेवलं. आता ती वर वर जाऊ लागली. वर्षं तिच्याबरोबर चढत होती, एकेक पायरी, शिस्तीत, एकही चुकत नव्हतं. यादीच्या माथ्यावर सगळ्यांत जुन्या नोंदी होत्या, वर्षानुवर्षं दर महिन्याला यादीत येणाऱ्या. त्या सगळ्या बावीस-तेवीस-चोवीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांच्यात थोडं खाली तिची स्वतःची ओळ होती. ती तिनं कित्येक वर्षांनी वाचली. एम. कॉम., पाच फूट दोन इंच, खासगी नोकरी, घाटकोपर. जन्मसाल एकोणीसशे नव्व्याण्णव.

काय झालं ते तिला लगेच कळलं. गेल्या महिन्यात काही म्हाताऱ्या मंडळींनी सांगितलं होतं, जन्मसाल जरा वेगळं उठून दिसू द्या, आम्ही पहिलं तेच बघतो. खरंच होतं, पहिलं सगळे तेच बघत. म्हणून या वेळी तिनं जन्मसालाच्या रकान्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अरुंद कोरा रकाना सोडला. बोट ठेवून वाचणाऱ्याचं बोट घसरू नये. दिसायला फार सुरेख झालं होतं. मग नेहमीप्रमाणे वर्षं नव्याकडून जुन्याकडे लावून बघितली, कारण कोणीतरी हमखास घोटाळा केलेला असतो. या वेळी एका बापानं मुलीचं जन्मसाल म्हणून चालू वर्षच टाकलं होतं. ते तिनं दुरुस्त केलं, यादी परत नोंदणी क्रमांकानं लावली आणि पाठवून दिली. दोन्ही बाजूंना कोरी जागा असल्यामुळे वर्षांचा रकाना एकटाच हलला होता. बाकीचे रकाने जागचे जागी राहिले. एरवी संगणक विचारतो, बाजूचेही बरोबर घ्यायचे का? दोन्ही बाजूंना कोणी नसलेल्याबद्दल तोही काही विचारत नाही.

तिला पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा आठवलं ते पार्लर, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं भांगावर हात ठेवला.

"काय झालं गं?" माधुरीताईंनी विचारलं.

चेतनानं सांगितलं. माधुरीताईंना संगणकातलं फारसं समजत नव्हतं, पण हे समजलं.

"अगं बाई! वाट लागली! आधी दुसरी पाठव, लगेच पाठव. माफी मागून टाकू सगळ्यांची. होतं असं, माणूस आहे, मशीन..." आणि बोलता बोलता त्या गप्प झाल्या. रविवारचं त्यांना सकाळीच फोनवर अण्णांनी स्वतः सांगितलं होतं. ताई, तुमच्या केंद्राचे उपकार झाले, असंही म्हणाले होते.

माधुरीताई उठून चेतनाच्या खुर्चीजवळ आल्या.

"चेतना, ऐक माझं. सोमवारी पाठवू या."

"ताई..."

"ऐकून तर घे. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? गार्गीच्या आईला मी बघते. रविवारी ती माणसं येऊ देत. बसतील, चहा घेतील, तुझ्याशी बोलतील. तू काय चाळीसची दिसतेस का? एकदा माणूस आवडलं की वयाबियाचं कोण बघतं? आपण काही फसवलेलं नाही. चूक झालीये. चूकच समजायची."

माधुरीताई वाईट बाई नव्हत्या. उलट त्यांचा जीव होता चेतनावर, म्हणूनच त्या असं बोलत होत्या, आणि चेतनालाही ते ऐकत राहावंसं वाटलं. तिनं डोळे मिटून रविवारचे चार आणून बघितले. माणसं आली. अण्णांनी त्यांना बाबासाहेबांच्या फोटोखालच्या चांगल्या खुर्च्यांवर बसवलं. पोहे झाले. मुलगाही बरा आहे, हसतोय. आणि मग अण्णा, ज्यांच्या पोटात काही राहत नाही असे अण्णा, मोठ्या कौतुकानं म्हणणार, "तुमचे विचार मला आवडले हो हिवाळेसाहेब. आमची चेतना पंच्याऐंशी सालची. तुम्ही वयाचा बाऊ केला नाहीत." मग ती माणसं एकमेकांकडे बघणार. अण्णांच्या घरात, अण्णांच्या खुर्च्यांवर बसून, एकमेकांकडे बघणार. आणि अण्णांना आधी कळणारच नाही, ते हसतच राहणार.

तिनं डोळे उघडले.

"नको ताई," ती म्हणाली. "आत्ताच पाठवते."

तिनं मूळ माहिती वेबसाइटवरून परत उतरवून घेतली. परत सगळं निवडलं. उंचीच्या तारखा झालेल्या परत फूट-इंच केल्या. कोरे रकाने या वेळी सोडले नाहीत. स्वतःच्या ओळीत पंच्याऐंशी आहे ना, हे बोट ठेवून बघितलं. वर माधुरीताईंच्या नावानं दोन ओळी लिहिल्या: आधीच्या यादीत मुलींची जन्मसालं चुकीची पडली होती, क्षमस्व, कृपया ही यादी ग्राह्य धरावी. यादी गेली. मोबाइलवर एकामागून एक निळ्या खुणा उमटायला लागल्या, लोक वाचत होते. चेतनानं पर्स उचलली.

"मी जाऊ का घरी? त्यांच्याआधी मला अण्णांना सांगायचंय."

"जा. पळ," माधुरीताई म्हणाल्या आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

घरी आली तर अण्णा स्टुलावर उभे राहून पंख्याची पाती पुसत होते. स्टूल डगमगत होतं. खांबावर चढलेला माणूस, त्याला स्टुलाची काय पत्रास.

"आज लवकर? बरं झालं, ते फडकं दे. केवढी घाण आहे बघ. वर बघतात लोक, बसल्यावर."

"अण्णा, खाली उतरा."

"हे एवढं पातं राहिलंय."

"उतरा ना अण्णा."

तिच्या आवाजानं ते उतरले. तिनं त्यांना पलंगावर बसवलं आणि सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं, मधे कुठेही न थांबता, कारण थांबली असती तर परत सुरू करता आलं नसतं. सगळ्या मुलींची वर्षं इकडची तिकडं झाली. माझ्या ओळीत नव्व्याण्णव पडलं. त्यांना सव्वीस वर्षांची मुलगी वाटली. म्हणून फोन आले.

अण्णांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, परत उलगडली.

"सगळे?" त्यांनी विचारलं. "सगळे फोन त्यामुळेच?"

"हो, अण्णा."

"त्या कुर्ल्याच्या बाई किती छान बोलल्या होत्या. एम. कॉम. मुलगी म्हणजे घरात हिशेबाला बरी, असं म्हणाल्या."

चेतनाला आता मात्र रडू आलं. "माझ्यामुळे झालं हे. मीच केलं. मला माफ करा."

"वेडी आहेस का?" अण्णा म्हणाले. "केबलच्या जोडात दोन तारा चुकल्या की याचा फोन त्याच्याकडे वाजतो. माझ्या हातूनही झालेलं आहे. एकदा तर मेलेल्या माणसाच्या घरी वाढदिवसाचे फोन गेले होते." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही, पण त्यांनी केला.

मग ते उठले आणि खिडकीशी गेले.

"अण्णा, मी करते फोन. चूक माझी आहे."

"नाही. हा फोन मुलीच्या बापानं करायचा असतो."

ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. एवढ्याशा घरात कुठेही उभं राहिलं तरी सगळं ऐकू येतं.

"हिवाळेसाहेब, जयभीम. घाटकोपरहून खरात बोलतोय. रविवारचं जरा बोलायचं होतं. यादीत चूक झाली होती, नवीन यादी आली असेल तुम्हाला. माझ्या मुलीचं जन्मसाल पंच्याऐंशी आहे. हो. चाळिसावं चालू आहे." थोडा वेळ काही नाही. "नाही नाही, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही वाचलं तेच बोललात. बरोबर आहे. मी समजू शकतो, मलाही मुलगा आहे. हो. नाही, वाईट कशाला वाटेल? मुलाला माझे आशीर्वाद सांगा. जयभीम."

मग कुर्ल्याच्या बाईंना. मग कल्याणच्या एका मामांना. मग आणखी एकाला, ज्याला नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे अण्णांना ओरडून सांगावं लागलं. "चाळीस! चाळीस म्हटलं! चार-शून्य!" खालून जाणाऱ्या माणसांनाही ऐकू गेलं असेल. चेतनानं नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात तोंडावर पदर दाबून रडून घेतलं. इतकी वर्षं लोकांनी नकार दिले तेव्हा तिला एवढं लागलं नव्हतं. बाप आपलं वय खिडकीतून ओरडून सांगतोय आणि त्याच्या आवाजात जराही राग नाही, हे तिला सहन होईना.

शेवटचा फोन झाल्यावर अण्णा आत आले. "पोहे आहेत ना घरात? आत्ताच कर थोडे. भूक लागली."

तिनं पोहे केले. दोघांनी खाल्ले. अण्णा म्हणाले, मीठ बरोबर पडलंय. जेवणानंतर तिनं हळूच विचारलं, "अण्णा, यादीतनं माझं नाव काढून टाकू का?"

अण्णांनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मला नाही माहीत."

"मलाही नाही माहीत," अण्णा म्हणाले. आजवर त्यांनी या प्रश्नाला दर वेळी एकच उत्तर दिलं होतं, काढायचं नाही. दुसरं उत्तर त्यांना देता आलं नाही, आणि पहिलंही आलं नाही.

रविवारी कोणी आलं नाही. चार वाजता अण्णा इस्त्रीचे कपडे घालून वर्तमानपत्र वाचत बसले होते. पाच वाजता ते म्हणाले, जरा फिरून येतो. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. घरात आधीच दोन होत्या.

सोमवारी चेतना केंद्रात गेली. गार्गीच्या आईचा निरोप होता, तीन चांगली स्थळं आली, तुमचे आभार. माधुरीताईंनी तो वाचून दाखवला नाही, नुसता फोन टेबलावर ठेवला, पण चेतनानं वाचला आणि तिला खरंच बरं वाटलं. मग फोन वाजला. तिनं उचलला.

"ताई, मी शिरसाट बोलते, बोरिवलीवरून." म्हातारा, बिचकता आवाज होता. "आमच्या शकुचं नाव आहे तुमच्याकडे. बरीच वर्षं झाली."

चेतनाला ती ओळ पाठ होती. यादीत अगदी वर. बी. ए., बालवाडी शिक्षिका, जन्मसाल ब्याऐंशी.

"हो काकू. बोला ना."

"ते दुसरी यादी पाठवली तुम्ही शुक्रवारी."

"हो काकू. पहिल्या यादीत चूक झाली होती. माझ्याच हातून झाली. फार त्रास झाला असेल तुम्हाला. माफ करा."

"नाही हो, त्रास कसला?" काकू म्हणाल्या. मग थांबल्या. "मला एवढंच विचारायचं होतं... ती पहिलीच राहू दिली असती तर नसतं का चाललं?"

चेतनानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला कळतं हो, खोटं होतं ते. शकुपण म्हणाली, आई, चूक आहे ती. पण तीन दिवस घरात फोन वाजत होता. शकु शाळेतून आली की विचारायची, आज कोणाचा आला? तिनं किती दिवसांनी कपाटातल्या साड्या काढून पलंगावर मांडल्या. मी म्हटलं, कुठली नेसशील? तर लाजली हो. या वयात लाजली. ती यादी कोणाला त्रास देत होती का, एवढंच मला विचारायचं होतं."

"देत होती, काकू," चेतना म्हणाली. "नव्या मुलींना देत होती."

"हां. मग बरोबर. मग बरोबर केलंत."

तरी त्यांनी फोन ठेवला नाही. चेतनानंही ठेवला नाही. समोर माधुरीताई कसलातरी कागद वाचत असल्याचं दाखवत होत्या.

"काकू," चेतना म्हणाली, "माझंही नाव आहे त्या यादीत. शकुताईंच्या जरा खाली."

पलीकडे श्वास ऐकू आला.

"अगं बाई. मग तुमच्याकडेही आले का फोन?"

"आले ना. खूप आले."

"बरं वाटलं का हो तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"हो काकू," चेतना म्हणाली. "खूप बरं वाटलं."